‘तिला तर काहीच होत नाहीये’: बत्तिसाव्या आठवड्यात बीपी १५०/१०० आल्यावर

प्रश्न थोडक्यात असा. भांडुपचं जोडपं, पहिलंच बाळंतपण, बत्तिसावा आठवडा. नेहमीच्या तपासणीत बीपी १५०/१०० आलं, अर्ध्या तासाने परत घेतलं तर १४८/९८. लघवीत अल्बुमिन (म्हणजे प्रोटीन) दोन प्लस. पंधरा दिवसांपासून पाय सुजतायत, बाकी तिला कसलाही त्रास नाही. परवापर्यंत फोर्टला कामावर जात होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल व्हायला सांगितलंय. रविवारी डोहाळजेवण आहे आणि त्यानंतर ती चिपळूणला माहेरी जाणार होती. घरच्यांचं म्हणणं, दिवसांत पाय सुजतातच, मीठ बंद करू, आराम देऊ, आठवड्याने बघू. नवरा विचारतोय: दाखल करणं खरंच गरजेचं आहे का, बीपीच्या गोळ्यांनी बाळाला अपाय होतो का, आणि आता सिझरच करावं लागणार का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. हो, दाखल करा, आणि आजच करा.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जाणं आणि लघवीतून प्रोटीन जाणं, याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. व्याख्येप्रमाणे दोन मोजण्यांत चार तासांचं अंतर हवं. पण लघवीत दोन प्लस दिसत असताना ते चार तास घरी नव्हे, वॉर्डात काढायचे असतात. ‘तिला काहीच होत नाहीये’ हे वाक्य घरच्यांना धीर देतं, पण या आजारात त्याला काही अर्थ नाही. प्रीएक्लॅम्प्सिया आधी आकड्यांत दिसतो आणि अंगावर उशिरा येतो. डोकं ठणकायला लागतं, डोळ्यांपुढे चमकतं, तोवर मेंदूला किंवा यकृताला झळ पोचलेली असू शकते. काही जणींना तर आधी काहीही न होता थेट झटका (फिट) येतो. म्हणून निर्णय तिला कसं वाटतंय यावर नाही, कागदावरच्या आकड्यांवर घ्यायचा.

हे का होतं ते समजलं की घरातले अर्धे वाद आपोआप मिटतील. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात गर्भाशयातल्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, म्हणजे वारेला (प्लासेंटाला) भरपूर रक्त मिळतं. काही जणींमध्ये त्या पुरेशा रुंद होत नाहीत. मग रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते आणि त्यांनी सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. मूत्रपिंडातून प्रोटीन गळतं, रक्तवाहिन्या आवळून बीपी चढतं, यकृत आणि मेंदूवर ताण येतो. याची सुरुवात चौथ्या-पाचव्या महिन्यात, कुणाच्याही नकळत झालेली असते. त्यामुळे ती लोकलने जात होती म्हणून, लोणचं खात होती म्हणून किंवा ‘फार टेन्शन घेते’ म्हणून हे झालेलं नाही. हे घरात एकदा स्पष्ट बोला, तिच्यासमोर बोला. आणि मूळ वारेत असल्यामुळेच मीठ तोडून हा आजार जात नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सूज उतरेल, पण या आजारात रक्तातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, ते आणखी आटेल. बीपीच्या गोळ्या बीपी आटोक्यात ठेवतात, आजार थांबवत नाहीत. आजार संपतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावर, आणि तोही लगेच नाही. तोवर आईला सुरक्षित ठेवून बाळाला पोटात जितके दिवस मिळतील तितके मिळवायचे, हेच सगळ्या उपचारांचं गणित आहे.

बीपी नीट मोजलं होतं का, ही शंका मात्र रास्त आहे. स्टेशनचा पूल चढून आलेल्या बाईचं बीपी दारातच घेतलं तर ते जास्त येणारच. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक न टाकता. लघवी करून आलेली असावी, अर्ध्या तासात चहा-कॉफी नको. दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर टेकलेला. मोजताना बोलायचं नाही. दंडाचा घेर साधारण ३३ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा लागतो. नेहमीचा पट्टा अशा दंडावर खोटं जास्त बीपी दाखवतो. मनगटावरचं यंत्र या कामाला घेऊ नका. दंडावरची काही स्वयंचलित यंत्रंसुद्धा प्रीएक्लॅम्प्सियात खरं बीपी असतं त्यापेक्षा कमी दाखवतात, म्हणून घरचं यंत्र दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी एकदा ताडून घ्यावं. पण तुमच्या बाबतीत अर्ध्या तासाच्या अंतराने दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आलेत आणि लघवीही तेच सांगतेय. मोजण्यातली चूक म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

लघवीच्या पट्टीवर एक प्लस म्हणजे १०० मिलिलिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम प्रोटीन, दोन प्लस म्हणजे सुमारे १००. अंगावरून पांढरं जात असेल किंवा लघवीत जंतुसंसर्ग असेल तर पट्टी खोटी बोलू शकते. म्हणून सुरुवातीची धार सोडून मधली लघवी द्यायची. खात्रीसाठी प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर काढतात, ०.३ किंवा वर आलं की निदान पक्कं. निदान झाल्यावर पट्टी रोज करण्यात फारसा अर्थ नसतो. प्रोटीन दोनाचं तीन प्लस झालं, एवढ्यावरून प्रसूती लवकर करायचं ठरत नाही.

रक्ताचे रिपोर्ट हातात आल्यावर घरचे लोक एक गोष्ट हमखास चुकीची वाचतात. लॅबने कंसात छापलेली मर्यादा गर्भार नसलेल्या माणसाची असते. क्रिएटिनिन १.० आलं तर लॅबच्या हिशेबात ते ‘नॉर्मल’, पण गर्भारपणात मूत्रपिंडं जास्त काम करत असतात, तेव्हा ते ०.४ ते ०.८ च्या दरम्यान असायला हवं. १.१ च्या वर गेलं की आजार गंभीर समजतात. उलट अल्कलाइन फॉस्फटेज लाल अक्षरात छापून येतं आणि सगळे घाबरतात. ते वारेतूनही येतं, या महिन्यांत वाढलेलंच असतं. बघायचं ते यकृताचे एसजीओटी, एसजीपीटी (दुपटीच्या वर गेलंय का) आणि प्लेटलेट्स (एक लाखाच्या खाली आहेत का). यकृताचे आकडे चढलेले, प्लेटलेट्स उतरलेल्या आणि रक्तपेशी फुटताहेत, असं तिन्ही एकत्र दिसलं तर त्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात. तिथे थांबायला वेळ नसतो.

मुंबईत जून ते ऑक्टोबर या काळात इथे एक खास गोंधळ होतो. डेंग्यूतही प्लेटलेट्स पडतात आणि यकृताचे आकडे वाढतात. मलेरिया आणि लेप्टोतही असंच होऊ शकतं. पावसाळ्यात प्लेटलेट्स ८० हजार दिसल्या की ‘डेंग्यू असेल’ म्हणून दोन दिवस निघून जातात. फरक असा की प्रीएक्लॅम्प्सियात ताप नसतो आणि डेंग्यूत बीपी चढत नाही, उलट पडण्याची भीती असते. ताप नसताना प्लेटलेट्स कमी आणि बीपी १४०/९० च्या वर, तर आधी प्रीएक्लॅम्प्सिया समजूनच चालायचं. दोन्ही एकदम असू शकतात, म्हणून ताप असेल तर मलेरिया-डेंग्यूची तपासणीही त्याच सुईत करून घ्यावी.

दाखल झाल्यावर काय होईल? बीपी दर चार ते सहा तासांनी, रक्ताच्या तपासण्या आठवड्यातून साधारण दोनदा, लघवी किती होते त्याची नोंद, रोज वजन. बाळासाठी एनएसटी, म्हणजे पोटावर पट्टे बांधून वीसेक मिनिटं ठोक्यांचा आलेख काढतात. सोबत सोनोग्राफीत बाळाची वाढ, गर्भजल आणि नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉप्लर. वारेला रक्त कमी मिळत असल्याने अशी बाळं बऱ्याचदा बारीक राहतात. बत्तिसाव्या आठवड्याला बाळ पावणेदोन किलोच्या आसपास असतं. तुमचं त्याहून बरंच कमी आलं तर डॉप्लरला जास्त महत्त्व येतं. दिवसभर झोपून राहायची गरज नाही. सक्तीच्या अंथरुणाने आजार थांबत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. वॉर्डात चालावं, बसावं, पडताना डाव्या कुशीवर पडावं.

आता गोळ्यांचं. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा या गर्भारपणात वर्षानुवर्षं वापरात असलेल्या गोळ्या आहेत. लॅबेटॅलॉल बहुधा १०० किंवा २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात. तिला दमा असेल तर आधी सांगा, कारण दम्यात ती चालत नाही. निफेडिपिनने पहिले एक-दोन दिवस डोकं जड होतं. ते गोळीमुळे की आजारामुळे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. खालचं बीपी साधारण ८५ च्या आसपास ठेवायचं असतं. फार खाली आणलं तर वारेला मिळणारं रक्त आणखी घटतं. यासाठीच निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी पद्धत धोक्याची आहे, बीपी धाडकन पडतं. आणि घरात सासऱ्यांची बीपीची गोळी आहे म्हणून तिला देऊ नका. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात. बाळाला अपाय या गोळ्यांनी होतो, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांनी नाही.

बीपी १६०/११० किंवा वर गेलं तर पंधरा मिनिटांत परत मोजतात आणि तसंच असेल तर अर्ध्या ते एका तासात ते खाली आणावंच लागतं: शिरेतून लॅबेटॅलॉल २०, मग ४०, मग ८० मिलिग्रॅम, किंवा निफेडिपिन १० मिलिग्रॅम गिळायला. याच टप्प्यावर मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्याच्या इंजेक्शनांनी घरचे फार घाबरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ते बीपीचं औषध नाही, झटके रोखण्याचं आहे. आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत वापरली जाणारी पद्धत अशी: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम, प्रसूतीनंतर चोवीस तासांपर्यंत. शिरेतून जाताना अंगात आग झाल्यासारखं वाटतं, घाम येतो, कुल्ले दुखतात. हे अपेक्षित आहे. प्रत्येक डोसाआधी सिस्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, श्वास मोजतात, चार तासांत किमान १०० मिलिलिटर लघवी झाली का ते पाहतात, कारण मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर जातं आणि साठलं तर श्वास मंदावतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन खाटेजवळ तयार असतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅग्पाय’ या अभ्यासात दहा हजारांवर स्त्रिया होत्या. मॅग्नेशियम मिळालेल्यांमध्ये झटक्यांचं प्रमाण निम्म्याहूनही कमी झालं. तेव्हा डॉक्टर ते देतो म्हणाले तर अडवू नका.

चौतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत प्रसूती करावी लागेल असं वाटलं तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइड देतात: डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम बारा-बारा तासांनी चारदा, किंवा बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम चोवीस तासांच्या अंतराने दोनदा. ‘स्टेरॉइड’ शब्दाला बिचकू नका. लवकर जन्मलेल्या बाळाचा जीव वाचवणाऱ्या मोजक्या औषधांपैकी हे एक आहे. तिला मधुमेह असेल तर दोन-तीन दिवस साखर चढेल, ती मोजत राहावी लागते.

प्रसूती कधी? बीपी आटोक्यात, रक्त ठीक, बाळ ठीक असेल तर सदतिसाव्या आठवड्यापर्यंत नेतात. गंभीर लक्षणं असतील तर चौतिसाव्यापलीकडे थांबत नाहीत. झटका, हेल्प, बाळ जन्मायच्या आधीच वार सुटणं, फुप्फुसात पाणी, औषधांना न जुमानणारं बीपी, यांपैकी काहीही झालं तर आठवडा कुठलाही असो, आईला स्थिर करून बाळंतपण करतात. आणि ते सिझरनेच व्हायला हवं असं नाही. गर्भाशयाचं तोंड तयार असेल, बाळाचे ठोके चांगले असतील तर कळा आणून नैसर्गिक प्रसूती होते आणि आईला ती जास्त सोसते. बत्तीस-तेहतीस आठवड्यांना गर्भाशयाचं तोंड बऱ्याचदा तयार नसतं, त्यामुळे इतक्या लवकर वेळ आली तर सिझरची शक्यता जास्त, एवढं खरं.

कुठे दाखल करायचं, यावर मी घाईने नाही पण ठामपणे सांगतो: जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे, भूलतज्ज्ञ चोवीस तास आहेत, रक्ताची सोय आहे आणि आईसाठीही आयसीयू आहे, तिथे. मुंबईतल्या अनेक लहान नर्सिंग होममध्ये बाळाची सोय नसते. मग दीड किलोचं बाळ अँब्युलन्समधून एका रुग्णालयात आणि मॅग्नेशियमवर असलेली आई दुसऱ्यात. बाळाला न्यायची सगळ्यात चांगली जागा आईचं पोट आहे, म्हणून हलवायचं तर प्रसूतीआधी हलवा. तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा, ‘उद्या बाळ जन्मलं तर त्याला कुठे ठेवाल?’ खाजगी खर्च झेपणार नसेल तर भांडुपहून पूर्व द्रुतगती मार्गाने सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय सरळ वाटेवर आहे. त्यापुढे परळला केईएम आणि वाडिया प्रसूती रुग्णालय. सायनला १९८९ पासून मातृदुग्ध पेढी आहे; आईला दूध यायला वेळ लागला तर अशा कमी दिवसांच्या बाळांना दात्या मातांचं दूध मिळू शकतं. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या मोफत आहेत. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद आणि आतापर्यंतच्या बीपीच्या नोंदी एका फायलीत घ्या. मोठ्या पावसाच्या दिवशी हिंदमाता, किंग्ज सर्कलला पाणी भरतं, हेही ‘घरी राहून बघू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

डॉक्टरांनी पुढे काही दिवस घरी सोडलंच, तर दिवसातून दोनदा बीपी मोजून लिहून ठेवा आणि पुढच्या गोष्टींना थांबू नका. न थांबणारी डोकेदुखी. डोळ्यांपुढे चमकणं, अंधारी, धूसर दिसणं. चेहरा आणि हात अचानक सुजणं (नुसती पायांची सूज बहुतेक जणींना असते, ती एवढी बोलकी नाही). धाप लागणं. पोट दगडासारखं कडक होणं किंवा अंगावरून रक्त जाणं. बाळाची हालचाल मंदावणं: डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली मोजून झाल्या नाहीत तर निघा. आणि छातीच्या खाली, उजव्या बरगडीकडे दुखणं, सोबत उलटी. हे शेवटचं सगळ्यात फसवं आहे. याला घरोघरी ‘पित्त’ म्हणतात, जेल्युसिल देतात, आलेपाक देतात. बीपी वाढलेल्या गर्भार बाईचं असं दुखणं यकृत सुजल्याचं असू शकतं. रात्री दोनला झालं तरी सकाळची वाट बघायची नाही.

झटका आलाच तर तिला डाव्या कुशीवर वळवा, आसपासचं टणक सामान बाजूला करा, १०८ ला फोन लावा. दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवत वेळ घालवू नका, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणीही घालू नका.

चिपळूण मात्र आता नाही. सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता, वाटेत घाट, आणि मधेच बीपी १७० झालं तर ते मोजणारंही कुणी नाही. माहेरपण हवंच असेल तर तिच्या आईला इकडे बोलवा. वॉर्डात सोबतीला तीच सगळ्यात उपयोगी पडेल. ओटी खाटेवर बसूनही भरता येते.

बाळ हातात आलं की घरचे निर्धास्त होतात आणि फाईल कपाटात जाते. पण बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतं, नेमकं घरी सोडण्याच्या सुमाराला. पहिला झटका प्रसूतीनंतरही येऊ शकतो. घरी आल्यावर पहिला आठवडा रोज बीपी मोजा. १५०/१०० झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, १६०/११० झालं तर थेट रुग्णालयात. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. या टप्प्यावर डॉक्टर एनालाप्रिल लिहून देऊ शकतात, अंगावर पाजताना ती चालते. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव थांबवायला मेथर्जिनचं इंजेक्शन बीपी असलेल्या बाईला टाळतात, म्हणून ऐनवेळी डॉक्टर बदलले तर ‘हिला प्रीएक्लॅम्प्सिया आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या. सहा आठवड्यांनी बीपी आणि लघवी परत तपासा. तेव्हाही बीपी जास्त असेल किंवा प्रोटीन जात असेल तर फिजिशियनकडे जावं लागेल.

पुढे वर्षातून एकदा तरी बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल बघत राहा. हा आजार होऊन गेलेल्यांना हृदयविकाराचा धोका पुढे साधारण दुप्पट असतो. दुसऱ्या खेपेला हा आजार साधारण सहांपैकी एकीला पुन्हा होतो. त्या खेपेला पाळी चुकल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ही फाईल दाखवा, म्हणजे बाराव्या आठवड्यापासून, उशिरात उशिरा सोळाव्याच्या आत, रात्री कमी मात्रेचं ॲस्पिरिन (७५ ते १५० मिलिग्रॅम) सुरू करता येईल. सातव्या महिन्यात आठवण झाली तर त्या गोळीचा उपयोग होत नाही, कारण वारेची घडण तोवर होऊन गेलेली असते. कॅल्शियम चौदाव्या आठवड्यापासून, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.